कानबाई तर सोमवारीच गेली

श्रावणातल्या त्या शुक्रवारी दुपारी हेमलता ओट्यावर गहू निवडत बसली होती. रविवारी कानबाई बसणार, म्हणून घरात रोटाच्या गव्हाची धांदल उडाली होती. सोनगीरच्या अंगाला असलेल्या त्या लहानशा गावात कानबाई म्हणजे वर्षाचा सण. सुरतेला, नाशिकला पोटापाण्यासाठी गेलेले भाऊबंद त्यासाठी घरी परततात. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी भरून गहू काढायचा, त्याच्या पिठाचा रोट करायचा, नारळाला डोळे काढून, नथ घालून रविवारी देवी बसवायची आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर पोचवायची. एका रात्रीची पाहुणी, पण तिच्या कौतुकात खानदेशातल्या बाया वर्षभराचा शीण विसरतात.

गहू निवडता निवडता हेमलताच्या डाव्या कानापाशी कुणीतरी म्हणालं, "खडे राहिले."

तिनं मान वळवली नाही. वळून पाहायचं नाही हे ती शिकली होती. हात मात्र थांबला. तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली, "मोनालीताई, आत्ते काही आयकू उनं का तुमले?"

नणंद मोनाली आत चादरींच्या घड्या घालत होती. तिथूनच म्हणाली, "नही वं वहिनी. मी तर काहीच नही आयकं."

हेमलतानं श्वास सोडला आणि पुन्हा सुपात बोटं फिरवायला लागली. खडे राहिले नव्हते.

या प्रश्नामागे चार वर्षांची कहाणी होती. गुड्डीच्या बाळंतपणानंतर एका बाईचा आवाज हेमलताला ऐकू यायला लागला. ही पोर तुझी नाही, बदललेली आहे, असं तो सांगायचा. हेमलता पोरीला छातीशी घट्ट धरून कोपऱ्यात बसून राहिली. ना खाणं, ना झोप, जवळ येईल त्याच्यावर ओरडणं. सासू तानुबाईनं मिरच्या ओवाळल्या, दोरे बांधले. पण नवरा किरण धुळ्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता, चार माणसांत वावरणारा होता. त्यानं कुणाला न विचारता बायकोला मोटारसायकलवर बसवलं आणि धुळ्याच्या मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या बाईंनी हेमलताला वेडी म्हटलं नाही. "तुम्हाला आवाज येतो हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण तो बाहेरून येत नाही. जसा मधुमेह, जसा दमा, तसाच हा एक आजार आहे आणि तो बोलतो. गोळ्या नेमानं घ्या. आणि शंका आली की जवळच्या माणसाला विचारा, तुला ऐकू आलं का? तो नाही म्हणाला की समजायचं, आजार बोलतोय."

तेव्हापासून घरात हा प्रश्न मिठामिरचीसारखा झाला होता. किरणला विचारायचं, मोनालीला विचारायचं, ते 'नही' म्हणायचे आणि हेमलताचं जग पुन्हा जागेवर यायचं. गोळ्यांनी आवाज दूर गेला, मग जवळजवळ मिटलाच. ती रांधू लागली, शेतात जाऊ लागली, गुड्डीला अंगणवाडीत सोडताना तिच्या वेण्यांना रिबिनी बांधू लागली.

आता तुम्ही म्हणाल, मग घोडं कुठं पेंड खात होतं? तर ते गल्लीत. गल्लीत तानुबाईनं सांगून ठेवलं होतं की सुनेच्या गोळ्या रक्तवाढीच्या आहेत. घरात डोक्याचा आजार आहे असं उमगलं तर मोनालीला कोण करून घेईल, ही तिची चिंता. शिरपूरचं एक चांगलं स्थळ नुकतंच पाहून गेलं होतं. तानुबाई वाईट बाई नव्हती हो. हेमलता कोपऱ्यात बसून होती तेव्हा गुड्डीला चमच्यानं दूध पाजून तिनंच जगवलं होतं. पण लोक काय म्हणतील या भीतीनं भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते, तिथं तानुबाईची काय कथा.

सणाचे पाहुणे यायला लागले तशी तिनं गोळ्यांची पाकिटं उचलून आपल्या पेटीत ठेवली. "पाव्हना घरमा शेतस, तवलोंग गोया नको खाऊ," ती म्हणाली. "तू बरीच शे आते. कोनी दखं, इचारं, ते मोनालीनं लगीन मोडी जाई." हेमलतालाही ते पटलं होतं. गोळ्यांनी पेंग यायची आणि कामाचा तर डोंगर होता. शिवाय आपण बऱ्या झालो, हे कुणाला खरं वाटू नये? किरणला दोघींनी सांगितलंच नाही. खडे राहिल्याचं कुणीतरी कानात म्हणालं, ते त्यानंतर काही दिवसांनी.

रविवारी कानबाई बसली. केळीचे खांब, जरीचं लुगडं, नाकात नथ, पुढं रोट आणि खीर. बायांच्या फुगड्या रंगल्या, डफ वाजू लागला. हेमलता सलग काही रात्री डोळ्याला डोळा न लागलेली, भिंतीला टेकून उभी होती. डफाच्या आवाजाबरोबर तो आवाज मोठा झाला. मग तो एक राहिला नाही. कुणी हसत होतं, कुणी तिला नावानं बोलावत होतं. चल, म्हणत होतं. नदीवर चल. तिचे पाय लटलट कापायला लागले, केस सुटले आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "माले बोलावू नका! मी येत नही!"

डफ थांबला. सुरतेहून आलेली चुलत सासू कुंदाबाई सगळ्यांत आधी भानावर आली, म्हणजे तिला तसं वाटलं. "माय उनी!" ती किंचाळली. "कानबाई माय उनी वं!"

कुणी कुंकू उधळलं, कुणी ओटीत नारळ टाकला. हेमलतानं बुडताना धरावा तसा कुंदाबाईचा हात धरला आणि तिला ठाऊक असलेला एकच प्रश्न विचारला, "तुमले आयकू उनं का?"

कुंदाबाईनं हात जोडले. "उनं माय, उनं! बठ्ठासले आयकू उनं!"

हेमलताच्या पायाखालची जमीन गेली ती त्या क्षणी. आवाज येतो याची तिला भीती होतीच, पण त्या भीतीला आजवर एक टेकू होता, दुसऱ्याच्या तोंडचं 'नाही'. आता घरभर माणसं हात जोडून 'हो' म्हणत होती. म्हणजे तो आवाज खरा होता. म्हणजे डॉक्टरीणबाई खोट्या होत्या. म्हणजे गुड्डीबद्दल तो जे सांगायचा, तेही खरं असेल का? या विचारासरशी तिची दातखीळ बसली, आणि लोकांनी देवी शांत झाली म्हणून जयजयकार केला.

किरण कामावरून आला तेव्हा बायकोच्या पायांवर गल्ली डोकं ठेवत होती. त्यानं आईला बाजूला घेऊन विचारलं, "माय, हिनी गोया खाद्या का नही?" तानुबाईची नजर आपल्या पेटीकडे गेली.

सोमवारी सकाळी देवीला नदीवर पोचवलं. पाट डोक्यावर घेऊन बाया नाचत गेल्या, गाणी झाली, डोळे पाणावले. रीत पुरी झाली. कानबाईचा यात काडीचा दोष नाही. ती आली, तिनं रोट खाल्ला आणि आपल्या वाटेनं गेली. तिला ठेवून घेतलं ते माणसांनी.

दुपारपासूनच दारात चपला जमायला लागल्या. कुणाची म्हैस आटली होती, कुणाच्या मुलाला नोकरी नव्हती. हेमलताला पाटावर बसवायचं, केस मोकळे ठेवायचे आणि विचारायचं. ती घाबरून काही पुटपुटली की त्याचा अर्थ लावायला कुंदाबाई होतीच. तिनं सुरतेचं परतीचं तिकीट पुढं ढकललं होतं. देवीच्या अंगात गोळ्या कशा घालायच्या, असं तिनंच ठरवलं. देवीला दूध आणि फळं. देवीला लेकराचा विटाळ नको. गुड्डी दाराशी येऊन "आई" म्हणायची आणि कुणीतरी तिला बखोटीला धरून मागं न्यायचं.

तीन-चार दिवसांत शिरपूरच्या मुलाची आई, होणारी विहीणबाई, स्वतः गाडी करून आली. तिनं हेमलतापुढं पदर पसरला आणि म्हणाली, "आमनं भाग्य! देवीना घरनी पोर आमना घरमा यी ऱ्हायनी." तिथंच सुपारी फुटली. तानुबाई स्वयंपाकघरात जाऊन रडली. चार वर्षं जी गोष्ट झाकताना जीव मेटाकुटीला आला, तिच्याचपायी घराचा मान वाढला होता. सून वेडी म्हणवली तर घर बुडतं आणि सून देवी म्हणवली तर घर तरतं, आजार तोच. हा हिशेब आपल्या समाजानं मांडून ठेवलाय, तानुबाईनं फक्त तो स्वीकारला.

हेमलता मात्र आतून विझत चालली होती. आता आवाज तिला हुकूम द्यायचा. खाऊ नकोस. झोपू नकोस. त्या पोरीला जवळ घेऊ नकोस. ती मोनालीला विचारायची, "ताई, आयकू उनं का?" आणि मोनाली रडवेली होऊन आईकडे बघायची, कुंदाबाईकडे बघायची आणि मान खाली घालायची. ते गप्प राहणं हेमलताला 'हो'पेक्षाही भयंकर वाटायचं.

एका दुपारी ती गोठ्यामागं लपून बसली होती, तिथं किरणनं तिला गाठलं. त्याचे डोळे लाल झाले होते. आईशी भांडून तो थकला होता. बाहेर बसलेल्या बायांसमोर बायकोला उचलून न्यायची हिंमत त्याला होत नव्हती. देवीवर हात टाकला म्हणून गाव अंगावर आलं असतं.

"हेमा, मना डोकामा एक इचार शे," तो कुजबुजला. "तुनाच तोंडे सांगी दे. कानबाईना हुकूम शे, ह्या बाईले दवाखानाना गोया द्या. मंग कोन नही म्हनी? माय बी गप बसी."

हेमलतानं नकारार्थी मान हलवली. वाक्य जुळवायला तिला कष्ट पडत होते, मध्येच दुसरं कुणी बोलत होतं.

"आज देवीना नावे गोया दिध्यात," ती हळूहळू म्हणाली, "ते सकाय देवीनाच नावे बंद करतीन. आनि मी तिना नावे बोलाले लागनू, ते माले कसं समजी? कोनता बोल मना शे, कोनता आजारना? मी हरपी जासू, किरण. माले भ्याव लागस."

किरणनं तिचा हात हातात घेतला. "माले काही आयकू नही येत," तो म्हणाला. तिनं न विचारताच. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. पण तेवढ्यात कुंदाबाईची हाक आली, देवीला बोलवा, धुरपदाबाई आली आहे.

धुरपदाबाई खालच्या आळीतली, दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी करून पोट भरणारी. ती कधी कुणाच्या दारात मागायला गेली नव्हती. आज ती पाटापुढं येऊन गुडघ्यांवर बसली.

"माय, मनी आंडेर बायतपनले येल शे," ती म्हणाली. "आठवा महिना शे. पाय सुजनात, तोंड सुजनं, डोकं भलतं दुखस. सकायपासून डोयापुढे अंधारी येस. सरकारी दवाखानानी आशाताई म्हने, आजना आज धुळाले लई जाय. घरना म्हनतस, दारमा देवी शे, पहिले तिले इचार. सांग माय. लई जाऊ का नको?"

खोलीत बाया बसल्या होत्या, दारात पुरुष उभे होते. सगळे हेमलताच्या तोंडाकडे बघत होते. आणि डाव्या कानापाशी आवाज अगदी स्वच्छ म्हणाला, "नको नेऊ."

हेमलताला पुढचं सगळं दिसलं. तिच्या तोंडून हे दोन शब्द निघाले की ही बाई घरी जाणार, पोरीच्या उशाशी अंगारा लावून बसणार. आजवर म्हशी होत्या, नोकऱ्या होत्या. आज एक जीव होता, पोटातला धरून दोन. "नको नेऊ," आवाज पुन्हा म्हणाला आणि तिचे ओठ हलले. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. कुंदाबाई पुढं सरकली, "काय म्हनी ऱ्हायनी माय? काय म्हनी ऱ्हायनी?"

हेमलतानं बोळा काढला आणि कुंदाबाईला ओलांडून धुरपदाबाईचे दोन्ही खांदे धरले.

"धुरपदामाय, खरं सांगा. तुमनी पोरनी आन शे. आत्ते तुमले काही आयकू उनं का?"

धुरपदाबाई गोंधळली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. देवीपुढं काय बोलावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि लेकीची शपथ मोडायची तिची छाती नव्हती. "नही वं माय," ती घाबरत म्हणाली. "माले काहीच आयकू नही उनं."

"नही ना?" हेमलताचा आवाज फाटला. "मंग आयका. कानबाई माय तर सोमवारेच गयी. आपन बठ्ठासनी तिले नदीवर पोचाडी. नाचत गयात, रडत परत उनात. मंग मनामा कोन शे? मनामा देवी नही शे. मनामा आजार शे, चार वरीस पासून शे. गोया खास तवय मी बरी ऱ्हास. त्या रक्तना गोया नव्हत्या, डोकाना आजारन्या व्हत्या. धुरपदामाय, पोरले आत्तेच लई जा. माले इचारू नका. आनि माले बी संगे लई चाला. माले भलतं भ्याव लागी ऱ्हायनं."

मग कुंदाबाई म्हणाली, देवी कोपली. दारातला एक जण हसला आणि म्हणाला, म्हणजे येडीच निघनी. दोन्हींत फारसं अंतर नव्हतं. दोन्हींत आजारी माणसाला जागा नव्हती. पण धुरपदाबाई उठली होती. तिला ना देवीशी देणंघेणं उरलं होतं ना वेडीशी, तिला फक्त 'पोरले आत्तेच लई जा' एवढं ऐकू आलं होतं. ती अनवाणीच धावत सुटली. किरण जीप आणायला गेला.

मोनाली वहिनीला बिलगून उभी राहिली. "वहिनी, माले बी कव्हयच काही आयकू नही उनं," ती हुंदके देत म्हणाली. "मी सांगाले पाहिजे व्हतं." तिच्या लग्नाचं काय होणार हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं, तिलाही.

जीपमध्ये मागच्या बाकावर धुरपदाबाईची लेक आडवी झाली होती. हेमलता तिच्या पायांशी बसली. जीप सुटणार तोच तानुबाई आली. चेहरा पांढराफटक. ती मारते की काय असं हेमलताला वाटलं आणि तिनं डोकं दोन्ही हातांत धरलं. तानुबाई शेजारी चढून बसली. हायवेला लागेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग तिनं सुनेचे मोकळे, कुंकवानं चिकटलेले केस हातात घेतले आणि बोटांनीच गुंता सोडवत वेणी घालायला लागली. कुंकू तिच्या लुगड्यावर सांडत होतं.

धुळ्याला धुरपदाबाईच्या लेकीला सरळ आत घेतलं. रक्तदाब फार चढला होता. आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, दोन्ही जीव गेले असते, असं नर्सनं किरणला ऐकवलं. वर आणखी रागावलीही, इतका वेळ काय करत होतात म्हणून.

तिथून ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आले. बाकावर पुष्कळ माणसं बसली होती. तोंडाला रुमाल बांधून आलेली, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दाराकडे पाठ केलेली. हेमलताला आवाज येतच होता. तो एका दिवसात जाणार नव्हता, हे तिला माहीत होतं. ती सासूचा पदर धरून बसली होती.

तानुबाईचा फोन वाजला. पडद्यावर शिरपूरचं नाव होतं. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन स्पीकरवर ठेवायची तिची सवय होती.

"विहीनबाई," पलीकडून आवाज आला, "कुंदाबाईना फोन उना व्हता. काय आयकी ऱ्हायनू मी? देवी नव्हती म्हने?"

आता सासू काय सांगेल? रक्तवाढीच्या गोळ्या, उपासाची चक्कर, कुंदाबाईचा गैरसमज. चार वर्षांत शंभर कारणं तयार झाली होती. तानुबाईनं सुनेकडे पाहिलं.

"देवी नव्हती," ती म्हणाली. "मनी सून आजारी शे. डोकाना आजार शे. आम्हीन लपाडा, ती आमनी चूक. आते दवाखानामा बशेल शेत. तुमले सोयरीक मोडनी व्हई ते मोडा."

लग्न मोडलं, हेमलताच्या मनात आलं, माझ्यामुळं मोडलं. मग तिकडं एक दार लावून घेतल्याचा आवाज झाला आणि विहीणबाई बोलली तेव्हा तिचा आवाज इतका खाली गेला होता की तानुबाईला फोन कानाजवळ न्यावा लागला.

"विहीनबाई, तो डॉक्टर कोठे बसस? आमना घरमा बी एक जन शे. मना धाकला दीर. मांगली खोलीमा ऱ्हास. कोनले सांगेल नही आम्हीन."

तानुबाईनं पत्ता सांगितला. मग तो पुन्हा एकदा सांगितला, आणि या वेळी तिनं आवाज मुद्दाम चढवला, बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.